रोख देवघेवीचा शिष्टाचार : पारगाव परिसराच्या संदर्भात

किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी, एस.टी.च्या गाडीत किंवा बँकेच्या खिडकीत पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जातात, तेव्हा त्या क्रियेला काही क्षणच लागतात. कोणते नाणे चालावे हे कायदा ठरवितो. ते कसे द्यावे व कसे घ्यावे हे मात्र रूढी ठरविते. या रूढीचे नियम कोठे लिहिलेले नसले तरी ते निश्चित आहेत, आणि त्यांचा भंग झाल्यास रोखपाल व ग्राहक या दोघांनाही तो तत्काळ जाणवतो. प्रस्तुत लेखात या नियमांचे स्वरूप व त्यांमागील कारण यांचा विचार केला आहे.

पारगाव नावाची गावे जुन्नर व आंबेगाव या शेजारच्या दोन्ही तालुक्यांत आहेत. जुन्या महसुली विभागणीतील ‘तर्फ’ नावास जोडून ती वेगळी ओळखली जातात. पारगाव तर्फे आळे हे जुन्नर तालुक्यातील, तर पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक हे आंबेगाव तालुक्यातील गाव असून या दुसऱ्या गावी भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. मंचर व नारायणगाव या या भागातील मोठ्या बाजारपेठा होत. दुकानदार, भाजीवाली, वाहक, बँकेचा रोखपाल आणि ऊसतोडीचा मुकादम असे रोकड हाताळणारे निरनिराळे लोक येथे थोड्या अंतरात भेटतात. म्हणून हा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. येथील रीती देशावरील इतर भागांतील रीतींहून फारशा निराळ्या नाहीत.

पैशाच्या देवघेवीची दोन जुनी रूपे याच भागात पाहावयास मिळतात. जुन्नरच्या पश्चिमेस असलेल्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेची, म्हणजे गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नाणी यांची, मोजदाद त्यात आकड्यांनिशी कोरलेली आहे. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे; त्यात पूर्वी जकात टाकली जाई अशी समजूत आहे. पहिल्या उदाहरणात रक्कम मोजून जाहीर केली आहे. दुसऱ्यात ती हाताचा हाताशी संबंध न येता पात्रात पडते. रोख देवघेवीच्या शिष्टाचारातही हेच दोन प्रश्न मुख्य आहेत : रक्कम कशी मोजावी, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांचे हात कितपत जवळ यावेत. पहिला प्रश्न हिशेबाचा, दुसरा मानाचा होय.

१. मोजणे

रोखपालाने पाळावयाचा पहिला नियम असा की ग्राहकाने दिलेली नोट मोड परत करून होईपर्यंत गल्ल्यात टाकू नये. ती वरच, दोघांच्या दृष्टीसमोर ठेवावी. दुसरा नियम, नोट हाती येताच तिचे मूल्य उच्चारावे. ‘पाचशेची ना?’ या प्रश्नात संशय नसतो. पुढे उद्भवू शकणारा वाद त्याने आधीच मिटतो. तिसरा नियम मोड मोजण्याच्या पद्धतीचा आहे. एकशे सत्तर रुपयांच्या मालासाठी पाचशेची नोट आली, तर जुना दुकानदार तीनशे तीस रुपयांचा गठ्ठा हातावर ठेवीत नाही. ‘एकशे सत्तर’ असे म्हणून तो दहाच्या तीन नोटा ठेवतो व ‘दोनशे’ म्हणतो. मग शंभराची एकेक नोट ठेवीत ‘तीनशे, चारशे, पाचशे’ येथवर येतो. वजाबाकी ग्राहकाला मनातल्या मनात करावी लागते. बेरीज त्याच्या डोळ्यांसमोर घडते. ज्या बाईला लेखी हिशेब येत नाही तिलाही ही मोजणी पडताळून पाहता येते.

या सर्वांचा कळस ‘मोजून घ्या’ या दोन शब्दांत आहे. देणाऱ्यासमोर पैसे मोजणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असा आपल्याकडे समज आहे. तो संकोच घेणाऱ्याच्या मनात राहू नये म्हणून देणाराच मोजण्याची सूचना करतो. त्यानंतर मोजणारा संशय घेत नाही, तर सांगितल्याप्रमाणे वागतो. बँकेच्या खिडकीवरील ‘खिडकी सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी’ ही पाटी हेच काम निर्वैयक्तिक रीतीने करते.

या सूचनेला ‘असू द्या, बरोबरच असतील’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. ते सौजन्याचे दिसते. परंतु ते कोण देतो हे पाहिले पाहिजे. दहा-वीस रुपयांची तूट ज्याला सोसते, त्याच्या तोंडी ते औदार्य होय. ज्याला मोजता येत नाही किंवा मोजण्याचे धैर्य होत नाही, त्याच्या तोंडी तेच शब्द असहायतेचे असतात. अशा वेळी रोखपालाने स्वतः पुन्हा उच्चारून मोजावे, ही रीतीतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

रोखपालाची बाजूही विसरता येत नाही. एस.टी.च्या वाहकाला दिवसाचा भरणा आगारात करावा लागतो, व तूट आल्यास ती त्याच्या अंगावर येते. त्याचे ‘सुटे द्या’ हे पालुपद उद्धटपणाचे वाटले तरी त्यामागे ही भीती असते. मोड नसली की तो तिकिटाच्या पाठीमागे बाकी लिहून देतो. तेवढ्या प्रवासापुरते ते तिकीट देण्याच्या चिठ्ठीचे रूप घेते. उतरताना प्रवाशाने ते दाखवावे हे खरे; पण त्याने मागण्यापूर्वीच बाकी देणारा वाहक प्रवाशांच्या आदरास पात्र होतो.

२. हात

पैसे उजव्या हाताने द्यावेत. उजवा हात गुंतलेला असल्यास डाव्या हाताबद्दल दिलगिरीचा शब्द उच्चारावा. खाली पडलेली नोट उचलून कपाळाला लावावी. दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या वेळी, म्हणजे भवानीला, ग्राहकाने उधारी मागू नये. दिवेलागणीच्या वेळी घरातील पैसा बाहेर देऊ नये. लक्ष्मीविषयीच्या भावनेतून आलेले हे संकेत परिचितच आहेत.

याहून गंभीर प्रश्न आहे तो पैसे तळहातावर ठेवावेत की अन्यत्र ठेवावेत, हा. जपानमध्ये दुकानदार गल्ल्यापाशी लहान तबक ठेवतो. ग्राहकाने पैसे त्यात ठेवणे तेथे सभ्यपणाचे मानतात. महाराष्ट्रात हीच कृती तशी निर्दोष ठरत नाही. याचे कारण इतिहासात आहे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या ग्राहकाने पैसे जमिनीवर किंवा उंबऱ्यावर ठेवावयाचे, दुकानदाराने त्यांवर पाणी शिंपडून ते उचलावयाचे आणि माल वरून टाकावयाचा, ही पद्धत अनेक गावांत होती. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अधिनियमाने, ज्याला १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले, दुकानात प्रवेश नाकारणे व अस्पृश्यतेच्या कारणाने माल न विकणे हे गुन्हे ठरविले. परंतु नाणे तळहातावर ठेवले की चार बोटे वरून सोडले, हा फरक साक्षीपुराव्याने सिद्ध करणे कठीण असते. तो ज्याच्या हातावर नाणे पडते त्याला मात्र कळतो. म्हणून मोड तळहातावर ठेवणे हा आपल्या समाजात केवळ सोयीचा भाग नाही. तो समतेचा संकेत आहे.

३. मोडीची टंचाई

मोड अपुरी असली म्हणजे या शिष्टाचाराची परीक्षा होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चालू झाली व रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा पैसे होत असल्याने अपूर्णांकाचा प्रश्न आला. अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावा व अधिक असल्यास पूर्ण पैसा धरावा, असा नियम झाला. त्यानुसार एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस व चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे झाले. चार वेळा एकेक आण्याचा जिन्नस घेणाऱ्याला चोवीस पैसे पडत, एकदम चार आण्यांचा घेणाऱ्याला पंचवीस. कोणाचे तरी थोडे नुकसान होत होते. पण नियम आधीपासून ठाऊक असून सर्वांना सारखाच लागू होता, त्यामुळे त्यात कोणाचा अपमान नव्हता.

मोडीऐवजी गोळी किंवा चॉकलेट हातावर ठेवण्याच्या प्रथेत असा नियम नाही. ग्राहकाने न मागितलेल्या वस्तूची ती विक्री होय. तीच गोळी परत आणून दिल्यास दुकानदार ती पैसा म्हणून घेत नाही. दहा रुपयांच्या नाण्याचीही अशीच स्थिती झाली. त्याचे घाट अनेक असल्याने लोकांना ते खोटे वाटू लागले. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी चौदाही घाटांची नाणी वैध असल्याचे जाहीर केले. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी वैध आहेत. तरीही नाकारले गेलेले नाणे ज्याच्या पदरात राहते, तो बहुधा आठवडेबाजारातला लहान विक्रेता किंवा रोजंदारीवरचा मजूर असतो. घासाघीस करण्याची त्याची ताकद सर्वांत कमी असते.

४. समारोप

२०१६ मध्ये यूपीआय ही पद्धत सुरू झाली आणि पुढे लहान दुकानांतही भ्रमणध्वनीवरून पैसे घेतले जाऊ लागले. गल्ल्याजवळचे लहान यंत्र आता आलेली रक्कम मोठ्याने सांगते. म्हणजे रोखपालाचा उच्चारण्याचा नियम यंत्राने उचलला आहे. हाताचा प्रश्न तेथे उरत नाही, मोडीचाही नाही.

परंतु जेथे रोकड टिकून आहे तेथे एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ऊसतोडीच्या व्यवहारात पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरतात, आणि हंगामापूर्वीची उचल बहुधा पुरुषाच्या हाती दिली जाते. काम दोघांचे असते, मोजणी एकाची. ‘मोजून घ्या’ हे शब्द त्या स्त्रीला उद्देशून उच्चारलेच जात नाहीत. रोख देवघेवीचा शिष्टाचार दुर्बलाला संशयाचा दोष न लागता मोजण्याचा हक्क देतो, असे वरील विवेचनावरून दिसते. परंतु तो हक्क जो गल्ल्यासमोर उभा असतो त्यालाच मिळतो. या विषयाच्या अभ्यासकाने पैसे कसे दिले जातात याबरोबरच ते देताना तेथे कोण उपस्थित नाही, याचीही नोंद घेतली पाहिजे.