नव्या गाडीचे अंतरंग : पारख आणि पत

पोत्याच्या तोंडाशी दिसणारा दाणा विकणाऱ्याची इच्छा सांगतो आणि तळाशी असलेला दाणा त्याची नीती सांगतो, असे आम्ही धान्याच्या पेढीवर चाळीस वर्षे बसून शिकलो. म्हणूनच व्यापारी वरच्या मालावर भाव ठरवीत नाही. तो पोत्यात पोकळ लोखंडी नळी खुपसतो, मधला आणि तळचा माल तळहातावर घेतो, फुंकर मारून कचरा पाहतो व दाणा दाताखाली धरून त्याची ओल ओळखतो. परंतु हाच गृहस्थ मोटारगाडी घ्यावयास गेला म्हणजे ही सारी विद्या दुकानातच ठेवून जातो, असा आमचा अनुभव आहे. क्विंटलमागे पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारे आमचे व्यापारी बंधू पाऊण कोटीच्या गाडीच्या कागदांवर दहा मिनिटांत सही करताना आम्ही पाहिले आहेत. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा याच विषयावर चार शब्द लिहावे असे आमच्या मनात आले.

इंजिनाची शक्ती, इंधनाचा खर्च, ब्रेकची तंत्रे हे विषय आम्ही तज्ज्ञांवर सोपवितो. येथे विचार करावयाचा आहे तो उंची सेडान गाडीच्या अंतरंगाचा, म्हणजे मालक ज्या कोठडीत बसतो तिच्या बांधणीचा. त्यातही एखाद्या नामांकित गाडीचा साचा बदलून ती नव्या रूपात बाजारात येते, तेव्हा तिची परीक्षा कशी करावी, हा मुख्य प्रश्न होय.

नवा साचा म्हणजे जुन्या पतीवर काढलेली नवी हुंडी असे आम्ही समजतो. नाव तेच, बोधचिन्ह तेच, परंतु त्याखालचा माल नव्याने भरलेला असतो. जुन्या साच्याने कमावलेली कीर्ती नव्याच्या खात्यावर आपोआप जमा होते. ती कीर्ती नव्याने वाढविली आहे की खर्ची घातली आहे, हे हुंडी स्वीकारण्यापूर्वी पाहावयास हवे.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतील मर्सिडीज-बेंझच्या एस-वर्गाचे आहे. १९९१ साली आलेल्या या गाडीला जाणकार डब्ल्यू १४० या सांकेतिक नावाने ओळखतात. बाजूच्या खिडक्यांना दुहेरी काच, हलके ढकलले असता उरलेले अंतर स्वतःहून ओढून घेऊन मिटणारे दरवाजे, आणि आतील प्रत्येक वस्तू तिजोरीच्या कसबाने बसविलेली, अशी तिची ख्याती झाली. मात्र तिच्या दोनच वर्षे आधी, १९८९ साली, जपानच्या टोयोटाने लेक्सस एलएस ४०० ही गाडी अमेरिकेत सुमारे ३५ हजार डॉलरांस विकावयास काढली होती. चालत्या इंजिनावर रचलेला काचेच्या पेल्यांचा मनोरा ढळत नाही, हे तिच्या जाहिरातीत दाखविले होते. तिच्या सांध्यांमधील फटी सर्वत्र सारख्या होत्या, आत कुरकुर नव्हती आणि किंमत जर्मन गाड्यांहून पुष्कळ कमी होती. आधी उत्तम वस्तू बनवावी आणि मग तिची किंमत लावावी, ही जर्मन पद्धत त्यानंतर मागे पडली. आधी किंमत ठरवून तीत बसेल अशी वस्तू बनविण्याची पद्धत पुढे आली.

१९९८ साली एस-वर्गाचा नवा साचा, डब्ल्यू २२०, आला. तो दिसावयास देखणा होता, जुन्याहून वजनाने सुमारे ३०० किलो हलका होता आणि यंत्रविद्येत पुढे होता. परंतु आतील प्लॅस्टिक आणि खटके पूर्वीच्या तोलाचे नाहीत, अशी तक्रार जाणकारांत होऊ लागली. २००२ सालच्या सुधारणेत अंतरंगाच्या साहित्यावर पुन्हा लक्ष द्यावे लागले आणि २००५ च्या पुढील साच्याने गेलेली पत बऱ्याच अंशी परत मिळविली. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. नवे ते जुन्याहून चांगलेच असते असे नाही, आणि नामवंत पेढीचा मालही दर वर्षी नव्याने तपासावा लागतो.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, विक्रीच्या दालनातील दिव्यांवर विश्वास ठेवू नये. गाडी उन्हात उभी करावयास सांगावी. दालनातील मंद, रंगीत प्रकाशात सर्वच काळे भाग एकसारखे काळे दिसतात. उन्हात डॅशबोर्डचा काळा, दरवाजाचा काळा आणि मधल्या कप्प्याचा काळा हे तीन वेगळे काळे निघतात की एकच, ते कळते.

दुसरी गोष्ट हाताची. डॅशबोर्डच्या वरच्या भागावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे, आणि मग तसेच ठोकत हळूहळू खाली यावे. चांगल्या गाडीत कठीण सांगाडा, त्यावर फेसाचा मऊ थर आणि त्यावर पातळ आवरण अशी रचना असते व तिचा आवाज भरीव येतो. बनविणाऱ्यास काटकसर करावयाची असेल तर तो डोळ्यासमोरच्या भागात करीत नाही. गुडघ्याखाली, दरवाजाच्या खालच्या कप्प्यात, आसनाच्या कडेच्या झाकणात, छताच्या खांबांवर तो ती करतो. म्हणून कप्प्यात हात घालून आत लोकरीसारखे अस्तर आहे की उघडे प्लॅस्टिक, ते चाचपावे. हातमोज्यांच्या पेटीचे झाकण सोडून पाहावे, ते हळुवार उतरते की धपकन पडते. आसनाखाली हात घालून सरकपट्टीच्या कडा झाकल्या आहेत का, तेही पाहावे. धातूसारखे दिसते ते धातूच असेल तर हाताला थंड लागते. वर मुलामा दिलेले प्लॅस्टिक थंड लागत नाही. शिवण खरी असेल तर दोरा नखाला लागतो; साच्यातच उठविलेली खोटी शिवण नखाखाली सपाट सरकते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. मऊ ते उत्तम आणि कठीण ते हलके, असा सरसकट निवाडा करू नये. १९९० च्या दशकात व त्यानंतर अनेक युरोपीय गाड्यांत खटक्यांना आणि मुठींना रबरासारखा मऊ लेप देण्याची पद्धत पडली होती. नवेपणी तो लेप हाताला फार सुखद वाटे. परंतु ओलावा आणि उष्णता यांनी त्याचे विघटन होऊन काही वर्षांत तो चिकट होऊ लागला व नखाने निघू लागला. पायाजवळ, जेथे बुटांचा व सामानाचा घासा लागतो, तेथे चांगल्या प्रतीचे कठीण प्लॅस्टिक हेच शहाणपणाचे. हाताला सुख देणारी वस्तू आणि दहा वर्षे टिकणारी वस्तू या कधी एकच असतात, कधी नसतात. आमच्या बेळगावसारख्या गावी, जेथे वैशाखात उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापू शकतो आणि त्यामागोमाग चार महिने पावसाची दमट हवा असते, तेथे हा भेद विशेष महत्त्वाचा आहे.

तिसरी परीक्षा कानाची. दरवाजा मिटण्याच्या भारदस्त आवाजावर आमचे लोक फार भुलतात. हा आवाज कुलूप, रबरी पट्ट्या व दरवाजातील जाड अस्तर यांच्या योजनेने मुद्दाम घडविलेला असतो. तो चांगला असावा हे खरे, पण तेवढ्यावरून आतील बांधणीचा दाखला मिळत नाही. खरी परीक्षा खराब रस्त्यावर होते. रेडिओ बंद, वातानुकूलन बंद, काचा वर, आणि गाडी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगाने खड्ड्यांतून न्यावी. पुढे एखाद्या उंचवट्यावर तिरकी चढवावी, म्हणजे सांगाड्यास पीळ बसतो. दोन निरनिराळी प्लॅस्टिके एकमेकांस टेकून घासू लागली की अडखळत सरकतात व कुरकुर निर्माण होते. काळजी घेणारा कारखाना अशा सांध्यांत बारीक नमद्याची पट्टी देतो किंवा योग्य तेवढी फट ठेवतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर ही परीक्षा अधिकच कडक होते, कारण तेथे दोष झाकावयास इंजिनाचा आवाज नसतो.

मध्यंतरी आमच्या पुतण्याबरोबर आम्ही अशाच एका नव्या साच्याच्या गाडीची चाचणी घेण्यास गेलो होतो. तरुण विक्रेता मोठा चुणचुणीत होता. “काका, हा पडदा पाहा, हे दिवे चौसष्ट रंगांत बदलतात,” असे तो वीस मिनिटे सांगत होता. आम्ही त्याला गाडी मालधक्क्याच्या खडबडीत रस्त्यावर नेण्यास सांगितले. मागल्या बाजूने बारीक टकटक ऐकू आली. प्रथम सुरक्षापट्ट्यांची बकले हाताने धरली, चष्म्याचा कप्पा रिकामा केला, खिशातील किल्ल्या बाहेर काढल्या. कारण पुष्कळदा गाडीवर आळ येतो आणि चोर आपल्याच खिशात असतो. तरीही टकटक राहिली. मग मागल्या खांबाचे आवरण तळव्याने दाबून धरले, तेव्हा आवाज बंद झाला. पुतण्याने ती विशिष्ट गाडी नाकारली, त्याच जातीची दुसरी तपासून घेतली आणि ती आजवर निमूट चालते आहे. विक्रेत्यासही राग आला नाही. ग्राहक जाणता असला म्हणजे दुकानदारही सावध होतो.

हल्लीच्या नव्या साच्यांत पडद्यांचा सुकाळ झाला आहे. काचेचा मोठा पडदा लावला की डॅशबोर्डवरील खटके, कळ्या, फिरक्या यांचा खर्च वाचतो, आणि ग्राहकास मात्र काही अधिक मिळाल्याचा आनंद होतो. पडदा वाईट असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याने बांधणीचे माप होत नाही. खटका दाबला असता तो डगमगतो का, फिरकी प्रत्येक घरात सारख्याच जोराने बसते का, यावरून कारागिरी कळते. युरोपातील गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासूनच्या निकषांत दिशादर्शक दिवे, भोंगा, काचपुसणी यांसारख्या कामांसाठी स्वतंत्र खटके असण्यास महत्त्व दिले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

नाकाचाही उपयोग करावा. जर्मनीतील ऑडी कारखान्यात गाडीतील वस्तूंचा वास घेऊन पारख करणारे एक पथक १९८५ पासून काम करीत आले आहे. तापलेल्या गाडीचे दार उघडताच डोळ्यांत झोंबणारा दर्प आला तर गोंद, फेस व प्लॅस्टिक यांच्या प्रतीविषयी विचारणा करावी. नव्या गाडीचा वास हे ऐश्वर्याचे लक्षण आहे, ही केवळ समजूत आहे.

आपल्याकडील मालक बहुधा मागे बसतो, म्हणून मागल्या आसनावर बसून वरील सर्व परीक्षा पुन्हा कराव्यात. महाराष्ट्रात १९९५ साली पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात मर्सिडीजच्या ई-वर्गाची जोडणी सुरू झाली व २००९ साली चाकणचा कारखाना उभा राहिला. तेथून निघणाऱ्या लांब बांध्याच्या ई-वर्गाच्या २०२४ सालच्या नव्या साच्यात दोन चाकांमधील अंतर ३०७९ वरून ३०९४ मिलिमीटर झाले. जागा वाढली ही चांगली गोष्ट. पण पुढल्या दरवाजाला जे आवरण आहे तेच मागल्या दरवाजाला आहे का, हे कोणत्याही गाडीत हाताने पाहिल्यावाचून मानू नये. येथे जोडलेली म्हणून गाडी कमी प्रतीची, हा ग्रहही सोडावा. परीक्षा समोर उभ्या असलेल्या गाडीची करावी, तिच्या जन्मगावाची नव्हे.

आपल्या समाजातील बंधूंसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. कृत्रिम चामड्याची आसने आता अनेक उंची गाड्यांत मिळतात. मर्सिडीजमध्ये त्यास आर्टिको म्हणतात. ही आवरणे आज बांधणीत खऱ्या चामड्याहून हलकी असतातच असे नाही. परंतु आसने कृत्रिम असली तरी स्टिअरिंगचे वेष्टण खऱ्या चामड्याचे असू शकते, किंवा आसनाचा अंगाला टेकणारा भाग खऱ्या व मागचा भाग कृत्रिम चामड्याचा असू शकतो. “सगळे कृत्रिमच आहे” या तोंडी शब्दावर न थांबता भागवार खुलासा लेखी मागावा. ज्यास अहिंसेचे व्रत पाळावयाचे आहे त्याने ते आपल्या आसनाखालीही पाळावे, आणि त्यासाठी संकोच करू नये.

शेवटी व्यापारी युक्तीची एक सूचना. नव्या साच्याच्या पहिल्या खेपेचा माल घेण्याची घाई करू नये. सहा-आठ महिने जाऊ द्यावे आणि प्रात्यक्षिकासाठी वापरलेली, दहा-पंधरा हजार किलोमीटर चाललेली गाडी दाखविण्यास सांगावे. शेकडो अनोळखी हातांनी हाताळलेल्या त्या गाडीत चालकाच्या आसनाची कड, स्टिअरिंगची पकड, खटक्यांवरील अक्षरे आणि चकचकीत काळ्या पट्ट्यांवरील ओरखडे पाहावेत. आपली गाडी तीन वर्षांनी कशी दिसेल याचा तो नमुनाच होय. नमुना पाहिल्याशिवाय सौदा करू नये, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक धान्यास जितका लागू आहे तितकाच मोटारीसही लागू आहे. आमच्या बंधूंनी यापुढे गाडीच्या दुकानात जाताना निदान अर्धा तास, एक स्वच्छ रुमाल आणि पेढीवरची नजर एवढे बरोबर न्यावे.