एस्पोझितो : एका आडनावाची कथा

आडनाव कानी पडले की मराठी माणूस त्यात प्रथम गाव शोधतो. शेवटी ‘कर’ असला म्हणजे पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. इटालीतही गावावरून, धंद्यावरून, पित्याच्या नावावरून पडलेली आडनावे विपुल आहेत. परंतु नेपल्स शहरी जे आडनाव सर्वांत अधिक आढळते, त्यात ना गाव आहे, ना धंदा, ना पिता. ते आडनाव एस्पोझितो. संबंध देशातही पहिल्या दहा आडनावांत त्याची गणना होते.

‘एक्सपोझितुस’ या लॅटिन शब्दापासून ते आले. बाहेर ठेवलेला, उघड्यावर टाकलेला, असा त्याचा अर्थ. जन्मदात्यांनी सोडून दिलेल्या अर्भकांना हे नाव मिळे. नेपल्समध्ये अशी मुले मुख्यतः आनुन्त्सियाता या धर्मसंस्थेच्या स्वाधीन होत. चौदाव्या शतकातील या संस्थेत चर्च, रुग्णालय आणि अनाथालय एकत्र नांदत होती. तिच्या भिंतीत लाकडी पिंपासारखे एक फिरते चक्र बसविले होते. रस्त्याच्या बाजूने मूल आत ठेवावे, चक्र फिरवावे आणि अंधारात निघून जावे, अशी त्याची योजना. आतील बाईला मुलाचे मुख दिसे, आईचे दिसत नसे. लाजेपायी किंवा दारिद्र्यापायी मूल रस्त्यावर मरू नये, एवढाच यात हेतू होता. सर्वच मुले अविवाहित स्त्रियांची नव्हती. हलाखीत सापडलेली नवराबायकोही आपले मूल येथे आणून ठेवीत.

मूल आले की नोंदवहीत दिवस, अंगावरील वस्त्रे आणि बरोबरची खूण लिहून घेत. कोठे फितीचा तुकडा, कोठे अर्धे कापलेले पदक. उरलेला अर्धा भाग आईपाशी राही. बरे दिवस आले तर तो दाखवून लेकरू परत मागता येईल, ही आशा. बहुतेकींचे ते दिवस आले नाहीत, आणि पुष्कळशी मुले तर तान्हेपणीच दगावत.

लोक या मुलांना ‘मादोन्नाची लेकरे’ म्हणत. हे झाले मायेचे नाव. आडनाव मात्र जन्मभर मागे लागे. विवाहाच्या नोंदीत ते उच्चारताच मनुष्याचा जन्म चारचौघांत उघडा पडे. ज्या संस्थेने आईचे नाव इतक्या निगुतीने झाकले, तिनेच लेकराचे लांच्छन कायमचे लिहून ठेवावे, ही विसंगती मनाला बोचते. अखेर जोआकिम म्युरा नेपल्सचा राजा असताना (१८०८ ते १८१५) हे आडनाव देण्यास मनाई झाली. चक्र मात्र १८७५ साली बंद पडले. मनाई होईपर्यंत असंख्य घराणी एस्पोझितो झाली होती, आणि ती पुढे वाढतच गेली.

इतर शहरांचे रिवाज निराळे. फ्लोरेन्सच्या अनाथालयाने १४४५ पासून मुले स्वीकारली. तेथे ‘इन्नोचेन्ती’, म्हणजे निष्पाप, हे आडनाव रूढ झाले. रोममध्ये ‘प्रोयेत्ती’. मिलानमध्ये ‘कोलोम्बो’, म्हणजे कबूतर, कारण तेथील थोरल्या रुग्णालयाचे ते चिन्ह होते. तथापि प्रत्येक कोलोम्बोचा मूळपुरुष अनाथ होता असे मानणे चुकीचे ठरेल. ख्रिस्तोफर कोलंबस हा जिनोवाचा. त्याचा बाप विणकर होता, हे कागदोपत्री नमूद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटालीतील लक्षावधी माणसे पोटासाठी अमेरिकेस व अर्जेंटिनास गेली. त्यांच्याबरोबर एस्पोझितोही गेला. अमेरिकेतील शेजाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांच्या लेखी ते चारचौघांसारखेच एक आडनाव होते. आनुन्त्सियाताच्या भिंतीतील ते चक्र आजही पाहावयास मिळते.