हॉस्टेलची पंगत

जुने मित्र भेटले आणि विषय हॉस्टेलवर गेला की किस्से ठरलेले: रेक्टरला दिलेल्या हुलकावण्या, सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवलेले प्रयोग, पाहुणा म्हणून येऊन सबंध सत्र खोलीत ठाण मांडणारा 'पॅरासाइट'. गमती खऱ्याच. पण महाराष्ट्रातल्या मुलांच्या वसतिगृहांचा इतिहास चाळताना मला सारखी दिसत राहिली ती पंगत. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं, तर ते जेवणार कोणाच्या घरी?

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत. ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांची. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला वार देणार कोण? शाहू महाराजांनी 1896 साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं; लाभ ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच झाला. मग त्यांनी वाट बदलली. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम आणि लिंगायत बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. मुलं शिकू लागली, चुली मात्र वेगळ्याच राहिल्या.

त्या एक करण्याचं काम त्याच जैन बोर्डिंगमधल्या एका मुलानं केलं. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जाऊन आल्यावर भाऊराव पाटलांनी विटाळाची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. 1924 साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका स्वयंपाकघरात राबत आणि एकत्र जेवत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही गेलं. पुण्यात 1955 साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनंही ग्रामीण मुलांसाठी कमवा आणि शिका हाच रस्ता धरला.

आमच्या जिल्ह्याच्या गावच्या हॉस्टेलात हा इतिहास कोणाला ठाऊक नव्हता, तरी आम्ही त्याचंच खात होतो. मेस मुलंच चालवत. दर महिन्याला नवा मेस सेक्रेटरी. तो पहाटे सायकलला पिशव्या अडकवून मंडईत जाई, वांग्यांवरून घासाघीस करी, आणि महिनाअखेरीला सगळा खर्च नोटीस बोर्डावर लावी. माणशी बिल वाढलं की त्याची धडगत नसे. रविवारी दुपारी फीस्ट. गुलाबजाम दोनच, आणि रात्री मेस बंद.

ती रात्र निभावायची एसटीच्या डब्यावर. गावाकडची गाडी स्टँडवर लागली की कंडक्टर टपावरून नाही, आपल्या सीटखालून डबे काढून देई. फडक्याची गाठ सोडली की ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. डबा एकाचा, हात खोलीभर. आडनावावरून चौकशा तिथंही व्हायच्या, खोल्यांच्या वाटपात त्या दिसायच्याही. पण ज्याच्या आईची भाकरी आपण खाल्ली, त्याच्या जातीवर पाठीमागे बोलायला जीभ अडखळायची.

आज पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षेची मुलं 'कॉट बेसिस'वर राहतात. डबा ज्याचा त्याचा, कानात हेडफोन. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांना स्वाधार योजनेचे पैसे थेट खात्यात मिळतात. ही मदत हवीच. ती वेळेवरही मिळायला हवी. मात्र भत्त्यानं भाडं आणि डबा भागतो; चार घरच्या पोरांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवण्याची सवय त्यातून लागत नाही. त्यासाठी वसतिगृहंच बांधावी लागतात.

माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे आता गावोगाव होतात. पुढच्या मेळाव्यात केटररचा एक पदार्थ कमी करा आणि आपल्या जुन्या हॉस्टेलातल्या एका मुलाचं वर्षाचं मेसबिल भरा. आणि कॉलेजकडे एक मागणी करा: मेसचा हिशेब पुन्हा मुलांच्या हाती द्या.