ट्राउट माशासाठी पिसांची माशी : 'स्ट्रीमर'ची बांधणी आणि फेक

हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागा पाहण्यासाठी महाराष्ट्रातून अनेक शेतकरी अभ्यास सहलीला जातात. कुल्लू, तीर्थन किंवा बरोट खोऱ्यात नदीकाठी उभा राहून लांब, लवचिक काठीने हवेत दोरी झुलविणारा माणूस त्यांच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या गळाला गांडूळ नसते, कणकेची गोळीही नसते. असतो तो पिसांचा एक झुपका. या पद्धतीला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात आणि त्या झुपक्याला 'फ्लाय', म्हणजे कृत्रिम माशी. या माशीचा 'स्ट्रीमर' हा प्रकार शिकण्यास सोपा आहे. त्याला लागणारे मुख्य साहित्य, म्हणजे कोंबड्याची पिसे, आपल्या खुराड्यात असते. ही कला कशी शिकावी, त्यामागील तत्त्व कोणते आणि ती शिकताना कोणते भान ठेवावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

ट्राउट व त्याचे पाणी

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नाही. तपकिरी (ब्राउन) ट्राउट युरोपातील, तर इंद्रधनुषी (रेनबो) ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील आहे. इंग्रज अमदानीत विलायतेहून अंडी आणून हे मासे येथे वाढविण्याचे प्रयत्न झाले. काश्मीरमध्ये १८९९ साली आलेली पहिली खेप वाटेतच नष्ट झाली. १९०० सालची खेप मात्र जगली. पुढे १९०९ च्या सुमारास कुल्लू खोऱ्यातही ट्राउटची पैदास सुरू झाली. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरी पाण्यातही हा मासा रुजला.

ट्राउटला थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याच्यावर ताण येतो. कारण साधे आहे. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. समुद्रसपाटीला १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. म्हणूनच आपल्याकडील शेततळ्यात ट्राउट सोडून पैसे मिळवून देण्याच्या भूलथापांना शेतकऱ्यांनी बळी पडू नये.

स्ट्रीमर म्हणजे काय?

लहान ट्राउट मुख्यतः पाण्यातील किडे, त्यांच्या अळ्या आणि पाण्यावर पडणाऱ्या माश्या खातो. मासा मोठा होऊ लागला की तेवढ्यावर त्याचे भागत नाही. विशेषतः तपकिरी ट्राउट मग लहान मासे धरू लागतो. स्ट्रीमर ही या लहान माशाची नक्कल आहे. तिला माशी म्हणत असले तरी ती किड्यासारखी दिसत नाही. पाण्यात ओढली की तिची पिसे मिटतात, थांबली की उघडतात आणि लहान मासा जीव घेऊन पळत असल्याचा भास होतो. ट्राउट झडप घालतो तो मुख्यतः या हालचालीवर. रंगरूप त्यानंतर येते.

अमेरिकेतील मेन राज्यात कॅरी स्टीव्हन्स या महिलेने १ जुलै १९२४ रोजी स्वतः बांधलेल्या स्ट्रीमरवर ६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे सुमारे तीन किलोचा, ब्रूक ट्राउट पकडला. तेथील तळ्यांत 'स्मेल्ट' नावाचे बारीक, चंदेरी मासे असतात. लांब पिसांच्या तिच्या माश्या त्या माशांसारख्या होत्या. कॅनडातील निपिगॉन नदीवर डॉन गेपन यांनी १९३० च्या दशकात दगडाखाली राहणाऱ्या मोठ्या डोक्याच्या माशाची नक्कल हरणाच्या केसांतून केली. दोघांनीही आपल्या पाण्यात कोणता लहान मासा आहे, हे आधी पाहिले आणि मग त्याच्यासारखी माशी बांधली. शिकणाऱ्याने हाच क्रम ठेवावा. हिमालयातील ओढ्यात स्थानिक 'स्नो ट्राउट'ची पिल्ले आणि दगडाखाली लपणारे बोटभर लांबीचे तपकिरी मासे आढळतात. तेथे तपकिरी, काळी किंवा शेवाळी रंगाची माशी योग्य ठरते.

बांधणीचे साहित्य

नवशिक्याने 'वूली बगर' या प्रकारापासून सुरुवात करावी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रसेल ब्लेसिंग यांनी १९६० च्या दशकात हा प्रकार रूढ केला. यासाठी पुढील साहित्य लागते.

१) लांब दांड्याचा ८ नंबरचा गळ.
२) गळ घट्ट धरण्यासाठी लहान शेगडा.
३) काळा, बारीक व मजबूत धागा.
४) अंगासाठी मखमली लोकरीचा (शेनील) धागा.
५) शेपटीसाठी मऊ, कापसासारखे पीस. बाजारात 'माराबू' नावाने मिळणारे पीस आता टर्कीचे असते. घरच्या कोंबडीच्या पिसाचा बुडाकडील लवदार भागही चालतो.
६) कोंबड्याच्या पाठीवरून शेपटीकडे लोंबणारे एक लांब पीस.
७) तांब्याची बारीक तार, कात्री आणि रंगहीन नेलपॉलिश.

वजनासाठी पूर्वी शिशाची तार वापरीत. शिसे विषारी असल्याने तांब्याची तार वापरावी.

बांधण्याची पद्धत

१) गळाच्या टोकाजवळील उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. गळ शेगड्यात पक्का बसवावा.
२) डोळ्यामागून सुरुवात करून धाग्याचे जवळजवळ वेढे देत दांड्याच्या शेवटापर्यंत जावे. या थराशिवाय पुढील साहित्य दांड्यावर घसरते.
३) मऊ पिसाचा झुपका शेपटीसाठी बांधावा. त्याची लांबी दांड्याएवढी ठेवावी. अधिक लांब ठेवल्यास मासा नुसती शेपटी ओढतो आणि गळ सुटतो.
४) त्याच जागी तांब्याच्या तारेचे एक टोक, लांब पिसाचे निमुळते टोक आणि शेनील बांधावे. नंतर धागा पुढे आणून डोळ्याच्या थोडा अलीकडे थांबवावा.
५) शेनीलचे वेढे देत पुढे यावे आणि ते बांधून उरलेला भाग कापावा. डोळ्याजवळ डोक्यासाठी सुमारे दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. बहुतेक नवशिके येथेच चुकतात. जागा उरली नाही, तर शेवटी दोरी ओवण्याचा डोळाच बुजतो.
६) आता लांब पीस पाच-सहा मोकळे वेढे देत पुढे आणावे आणि बांधावे. तांब्याची तार मात्र उलट दिशेने गुंडाळत आणावी. त्यामुळे ती पिसाची दांडी ओलांडून दाबून धरते. माशाच्या दातांनी पीस तुटले तरी माशी उलगडत नाही.
७) धाग्याचे लहान डोके करून तीन-चार फास आवळावेत, धागा कापावा आणि नेलपॉलिशचा एक थेंब लावावा.

माशी तयार झाल्यावर ती पाण्याच्या बादलीत ओढून पाहावी. हातात सुंदर दिसणारी पण पाण्यात काठीसारखी ताठ राहणारी माशी निरुपयोगी समजावी. पिसे नेहमी कमीच घालावीत.

पिसे कोणाची?

या छंदाची एक बाजू सह्याद्रीशी जोडलेली आहे. आपल्या घाटमाथ्यावर पहाटे आरवणारा राखाडी रानकोंबडा सर्वांना परिचित आहे. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पांढरे-पिवळे ठिपके असतात. युरोप-अमेरिकेतील माश्यांवर हे ठिपके माशाच्या डोळ्यासारखे दिसावेत म्हणून लावले जात. कॅरी स्टीव्हन्स यांच्या प्रसिद्ध 'ग्रे घोस्ट' माशीतही ते आहेत. हजारो मैलांवरच्या या मागणीपायी भारतातील रानकोंबड्यांची शिकार होत राहिली. पुढे या पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. आज वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानकोंबड्याची शिकार हा गुन्हा आहे. मोरालाही याच १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून माशीसाठी केवळ पाळीव पक्ष्यांचीच पिसे वापरावीत. डोळा हवाच असेल तर रंगाचा ठिपका द्यावा. वूली बगरला डोळा नसतो, तरीही तिच्यावर मासे लागतात.

पाळीव कोंबड्यांपासून उत्तम पिसे मिळविण्याचे काम अमेरिकेत पद्धतशीरपणे झाले आहे. ऑरेगॉन राज्यातील हेन्री हॉफमन यांनी लांब व एकसारख्या पिसांचे कोंबडे पिढ्यान्पिढ्या निवडले. कुक्कुट अनुवंशशास्त्राचे अभ्यासक टॉम व्हाइटिंग यांनी १९८९ साली त्यांचा वाण घेऊन कोलोराडोत हे काम वाढविले. बियाण्याच्या निवडीसारखेच हे काम आहे. मात्र आपल्याकडे लगेच असा व्यवसाय करण्याचा विचार करू नये. वाण तयार होण्यास कित्येक पिढ्या जातात, कोंबडा सुमारे वर्षभर पोसावा लागतो आणि बाजारपेठ लहान व लहरी आहे. २०११ मध्ये अमेरिकेत केसांत पिसे खोवण्याची टूम निघाली तेव्हा ही पिसे एकाएकी दुर्मिळ झाली. टूम ओसरली आणि ती मागणीही गेली.

फेक कशी शिकावी?

साध्या गळात शिसाचे वजन दोरीला ओढून नेते. गोफणीतील दगडासारखेच ते आहे. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला वजन जवळजवळ नसते. येथे वजन दोरीला असते आणि दोरी माशीला नेते. म्हणजे ही फेक गोफणीपेक्षा आसुडाला जवळची आहे. मात्र आसुडासारखा आवाज निघता कामा नये. आवाज निघाला तर दोरी मागे पूर्ण सरळ होण्याआधीच हात पुढे आला असे समजावे. अशा झटक्याने माशी तुटून जाते.

सुरुवातीस ९ फुटांची, ५ किंवा ६ क्रमांकाच्या दोरीची काठी घ्यावी. जाड दोरीच्या टोकाला दोन-अडीच मीटर पारदर्शक तंगूस जोडतात. सराव नदीवर नको, मोकळ्या खळ्यावर किंवा गवतावर करावा आणि गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधावा. डोक्यावरून मागेपुढे जाणारी काठी घड्याळातील १० व १ या आकड्यांच्या दरम्यान थांबली पाहिजे. काठी मागे नेताना वेग वाढवीत जाऊन ती एकदम थांबवावी, दोरी मागे सरळ होऊ द्यावी आणि मग तसेच पुढे करावे. जोर लावण्यापेक्षा ही थांबण्याची वेळ साधणे महत्त्वाचे आहे. रोज पंधरा-वीस मिनिटे सराव पुरेसा होतो. टोपी आणि चष्मा मात्र नेहमी वापरावा.

नदीवर

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून मोठ्या दगडाच्या आडोशाला, काठाखालच्या पोकळीत किंवा वेगवान व संथ पाण्याच्या सीमेवर थांबतो. तेथे त्याला कमी श्रमात अन्न मिळते. स्ट्रीमर प्रवाहाला आडवी, किंचित खालच्या बाजूला फेकावी. ती वाहत वळत असताना डाव्या हाताने दोरी १५-२० से.मी. ओढावी, क्षणभर थांबावे, पुन्हा ओढावी. पुष्कळदा मासा थांब्याच्या वेळीच लागतो. झटका जाणवताच काठी वर उचलू नये, हाताने दोरी सरळ ओढावी. ढगाळ दिवस, संध्याकाळ आणि किंचित गढूळ पाणी ही स्ट्रीमरसाठी अनुकूल वेळ होय. पूर आला असताना मात्र पाण्यात उतरू नये.

हिमाचलमध्ये मत्स्यविभागाचा परवाना आवश्यक असतो. ट्राउटच्या विणीसाठी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. या काळात मादी वाळू-खड्यांत अंडी घालते. त्यावर गाळ बसला की अंडी गुदमरून मरतात. त्यामुळे डोंगरउतारावरील मातीची धूप थांबविणे हे ट्राउटच्या जतनाचेच काम आहे. सोडून द्यायचा मासा ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच ठेवून गळातून सोडवावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. आणि ट्राउट हा शिकारी मासा असल्याने तो नव्या ओढ्यात कधीही सोडू नये. तेथील स्थानिक माशांना त्यापासून धोका असतो.

आपल्याकडे उपयोग

शेतकरी बंधूंनो, ट्राउट आपल्या पाण्यात नसला तरी लहान मासे खाणारे मासे येथेही आहेत. मरळ आणि महाशीर दोन्ही स्ट्रीमरवर येतात. सार्वजनिक पाण्यात जाण्यापूर्वी तेथील परवानगी व नियम विचारून घ्यावेत आणि महाशीर लागल्यास तो सोडून द्यावा. माशी बांधण्यास बसण्याआधी मात्र एक काम करावे. ओढ्यातील दोन-चार दगड हलकेच उचलून खाली कोणते किडे व लहान मासे आहेत ते पाहावे आणि दगड होते तसे परत ठेवावेत. त्यांचा रंग व लांबी पाहून पिसे निवडावीत. दगडाखाली काहीच आढळले नाही, तर माशी कितीही सुबक बांधली तरी तिला मोठा मासा लागणार नाही. अशा वेळी गळ बाजूला ठेवून शेतातील औषधांचे पाणी आणि धुपून जाणारी माती ओढ्यात कोठून येते, हे शोधावे.