वीर्यतपासणीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

इंदूरमध्ये माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांत नवऱ्याची तपासणी बहुधा सर्वांत शेवटी होते. तोवर बायकोच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी झालेल्या असतात, टोमणेही तिनेच ऐकलेले असतात. खरे तर अशा जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा पत्नीकडच्या कारणासोबत असते. म्हणून दोघांच्या तपासण्या एकदमच सुरू व्हाव्यात. पुरुषाची तर सर्वांत सोपी. ना सुई, ना भूल.

नमुना देण्याआधी 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन नको. तेल, साबण किंवा साधा कंडोम वापरू नये. थोडा जरी सांडला तरी लॅबला सांगावे. पहिल्या भागातच शुक्राणू जास्त असतात. घरून आणायचा तर अंगाच्या उबेत, तासाभराच्या आत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेतील खालच्या मर्यादा अशा:

- वीर्य: 1.4 मिली
- शुक्राणू: दर मिलीमागे 1 कोटी 60 लाख
- हालचाल करणारे: 42 टक्के, त्यांत पुढे सरकणारे 30 टक्के
- योग्य आकाराचे: 4 टक्के

“म्हणजे 96 टक्के खराब?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात. तसे घाबरू नका, 4 टक्के पुरेसे मानले जातात. या मर्यादा वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांच्या तपासण्यांवरून काढल्या आहेत आणि त्यांतलेही 5 टक्के या रेषेखालीच होते. हा पास-नापासचा निकाल नव्हे.

एका रिपोर्टवर निष्कर्षही काढू नये. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यूचा ताप आजच्या आकड्यांत दिसू शकतो. आकडे कमी आले तर पुन्हा तपासणी करावी.

जिमला जाणाऱ्या मुलांनो, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने बाहेरून घेतली की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि संख्या शून्यावरही येते. घेत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तंबाखू आणि गुटखाही सोडा.

रिपोर्टमध्ये शून्य आले तरी वाट संपत नाही. मार्गात अडथळा असेल तर शुक्राणू वृषणातून काढून इक्सी पद्धतीने गर्भधारणा होऊ शकते. वृषणाच्या शिरा फुगल्या असतील तर काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो.

तेव्हा रिपोर्ट कपाटात लपवू नका. शुक्राणूंच्या संख्येचा पुरुषार्थाशी काही संबंध नाही. दोघे मिळून तज्ज्ञ डॉक्टरांकडे जा.