हापशाचा जीव वॉशरात

गावच्या हापशाचा दांडा वीस-पंचवीस वेळा वरखाली केल्याशिवाय पाणी येत नाही, अशी तक्रार ग्रामपंचायतीकडे आली की बोअर आटली असे अनुमान काढले जाते. पुष्कळदा पाणी जागच्या जागी असते. सिलिंडराच्या तळच्या झडपेखालील रबर झिजल्याने रात्रभरात नळीतील पाणी खाली उतरते आणि सकाळी ती पुन्हा भरावी लागते. याउलट, दांडा हलका लागत असून पाण्याची धार बारीक पडत असेल, तर दट्ट्यावरील वाटीच्या आकाराचे वॉशर झिजले असावेत.

सोलापूरला या विषयाचा इतिहास आहे. काळ्या कातळात बोअर खोदून हातपंप बसवण्याचे काम जिल्ह्यात वाढले, तेव्हा उपलब्ध असलेले ओतीव लोखंडी पंप पाश्चात्त्य देशांतील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी घडलेल्या नमुन्यांचे होते. दिवसभर रांग लागलेल्या गावात ते टिकेनात. या गरजेतून पुढे आलेला ‘सोलापूर पंप’ एकाच सांध्यावर फिरणाऱ्या दांड्याचा होता. 1970 च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला, तेव्हा त्याच्या रचनेला सोलापूरचाच आधार घेण्यात आला. भारतीय मानक 9301 हे याच पंपाचे होते.

वरचा भाग असा बळकट झाला, तरी खालचे वॉशर झिजतच राहिले. मार्क दोनमध्ये वॉशर बदलायचे म्हणजे सळया आणि नळ्यांची संपूर्ण माळ वर काढावी लागते. यांत्रिकाचे पथक, साहित्य आणि बराच वेळ खर्ची पडतो. नंतरच्या मार्क तीनमध्ये नळी रुंद केल्याने दट्ट्या नळ्या न उपसता वर येतो. चामड्याच्या वाट्यांच्या जागी टिकाऊ नायट्राइल रबराच्या वाट्याही आल्या. परंतु जुन्या हापशांवर एक वॉशर मापात चुकला तर तीच मेहनत दुसऱ्यांदा करावी लागते, आणि तेवढे दिवस बायाबापड्यांनी घागरी घेऊन कोठे जावे?

म्हणून नेमका तयार वॉशर मिळत नसेल, तर आधी नमुना कापून पाहणे शहाणपणाचे. येथे एक भेद ध्यानी ठेवावा. वाटीचा वॉशर साच्यातच घडतो. तो रबरी पत्र्यातून कापता येत नाही. झडपेखालील अथवा जोडावरील चपटा वॉशर मात्र कापता येतो. ट्रकची जुनी ट्यूब सहज मिळते, पण ती पातळ व मऊ असते. तिच्यावर कायमचा भरवसा ठेवू नये. पत्रा घेताना कोपरा दुमडून पाहावा. घडीवर बारीक भेगा दिसल्या, तर त्यात भेसळ जास्त आहे असे समजावे. पिण्याच्या पाण्यात बसणाऱ्या रबराला उग्र वासही नसावा.

माप झिजलेल्या वॉशरचे घेऊ नये, तो ज्या बैठकीत बसतो तिचे घ्यावे. रबर दाबले असता आकसत नाही, बाजूंना पसरते. त्यामुळे घट्ट आवळताच मधले भोक लहान होते आणि कडा बाहेर येतात. थोडी मोकळीक ठेवली नाही तर झडप अडकते. कापताना लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठेवून आधी मधले भोक, मग बाहेरचे वर्तुळ पोकळ पंचाने काढावे. धारेला साबणाचे पाणी लावल्यास पंच अडखळत नाही. जाड पत्र्यावर एकदम घाव घातला तर कडा आत खोल जाते आणि वर-खाली वेगळे माप येते. तेथे पंच फिरवत हळूहळू दाबणेच बरे.

नमुना बसवून सिलिंडर लगेच बोअरमध्ये सोडू नये. तळची झडप पाण्याने भरून काही वेळ उभी ठेवावी. खाली ठिबक दिसली, तर बैठकीवर गंज वा कचरा आहे का ते आधी तपासावे, रबर त्यानंतर बदलावे. ठिबक थांबलेल्या नमुन्याची जाडी आणि दोन्ही व्यास हापशाच्या नोंदवहीत लिहून ठेवले, की पुढच्या वेळी पथकाला त्याच मापाचे वॉशर सोबत घेऊनच गावात येता येते.