खर्ज, तार आणि माझे कान

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा लेख मागताना एक प्रेमळ अट घातली होती : "डॉक्टर, मधुमेह आणि रक्तदाब सोडून काहीही लिहा." ती मनापासून पाळावयाची ठरवून मी माझ्या एका खर्चिक छंदाविषयी लिहावयास बसलो. लेख पुरा होईतो वैद्यक त्यात मागील दाराने शिरलेच, त्याला माझा इलाज नाही.

छंद गाणे ऐकण्याचा. ज्या शहराच्या नावाने उस्ताद अमीर खाँसाहेबांचे घराणे ओळखले जाते आणि जेथून तासाभराच्या अंतरावर, देवासला, कुमारजींनी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे काढली, त्या इंदुरात वाढलेल्या माणसाला या छंदाचे निराळे समर्थन द्यावे लागू नये. दवाखाना आटोपून मी घरी येतो तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात, घर निजण्याच्या तयारीत असते. त्यामुळे माझे गाणे वर्षानुवर्षे इअरफोनमधूनच होते. गेल्या वर्षी साठी उलटल्यावर मनाने घेतले की आता या कामासाठी एकच, पण उत्तम यंत्र घ्यावे.

ज्यांना 'इन-इअर मॉनिटर' म्हणतात ती ही यंत्रे मूळची रंगमंचावरील वादकांसाठी जन्मली. जेरी हार्वे या ध्वनितंत्रज्ञाने १९९५ साली ॲलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकासाठी असे यंत्र घडविले आणि त्यातून एक उद्योगच उभा राहिला. परंतु आपणां डॉक्टरांना अधिक जवळची वाटेल अशी दुसरीही वंशावळ आहे. श्रवणचाचणीसाठी कानात घालावयाचे इअरफोन बनविणारे मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये 'ईआर-४' हा संगीतासाठीचा इअरफोन काढला. त्यात आवाज निर्माण करणारे 'बॅलन्स्ड आर्मेचर' मूळचे श्रवणयंत्रांचे. म्हणजे ज्या चिमुकल्या भागाने बहिऱ्याला ऐकू येते, त्याच्याच भावंडाने रसिक गाणे ऐकतो. हे मी तेव्हा नुसती गंमत म्हणून वाचले होते.

बरीच चौकशी करून माझी यादी दोन नावांवर येऊन थांबली. एक शुअर कंपनीचा 'एसई ८४६', दुसरा सेनहायझरचा 'आयई ९००'. पहिला २०१३ मध्ये आला तेव्हा हजार डॉलरच्या घरात होता, दुसरा २०२१ मध्ये तेराशेच्या. पहिल्यात प्रत्येक कानासाठी चार आर्मेचर, दुसऱ्यात सात मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर. चार मोठे की एक, हा प्रश्न व्यर्थ आहे हे मला लवकरच कळले. प्रश्न असतो तो स्वरांच्या तोलाचा.

हा तोल समजावयास आपल्या गळ्यातील स्टेथॉस्कोप पुरे. मायट्रल स्टेनोसिसची खोल घुमणारी मर्मर बेलने ऐकावी आणि अयोर्टिक रिगर्जिटेशनची बारीक फुंकर डायाफ्रामने, हे आपण विद्यार्थिदशेत शिकलो. हृदय तेच, ऐकणारा तोच, पण एक तोंड खर्ज पुढे करते तर दुसरे वरचे स्वर. कोणते तोंड 'चांगले' असे कोणी विचारीत नाही. काय ऐकावयाचे आहे ते विचारतात. 'एसई ८४६' मध्ये तर ही सोय उघड उघड दिली आहे. त्याच्या नळीत बदलता येणाऱ्या लहान पुंगळ्या येतात : निळी समतोल, पांढरी उजळ, काळी उबदार. फरक मधल्या-वरच्या पट्ट्यात दोन-अडीच डेसिबलचा, परंतु गवैया चार हात पुढे सरकून बसला की मागे, एवढा तो जाणवतो.

मुंबईतील एका दुकानात मी दोन्ही यंत्रे प्रथम ऐकली आणि पाच मिनिटांत '८४६'च्या प्रेमात पडलो. ती माझी पहिली चूक. '८४६' अतिशय संवेदनशील आहे. आवाजाची कळ न हलविता इअरफोन बदलला की तो दुसऱ्यापेक्षा बराच मोठा वाजतो, आणि मोठे ते गोड हा मानवी कानाचा जुना भ्रम आहे. दुसरी चूक टोप्यांची. टोकावरील रबरी टोपी कर्णनलिकेत घट्ट बसली नाही, बारीकशी फट राहिली, की खर्ज निथळून जातो आणि आपण यंत्राला नावे ठेवतो. माझी उजवी नलिका डावीपेक्षा अरुंद निघाली. दोन कानांना दोन मापांच्या टोप्या चढविल्या तेव्हा '९००' मधून तंबोऱ्याची खर्जाची तार एकाएकी जिवंत झाली. ज्या तज्ज्ञाने दुसऱ्यांच्या कानात आयुष्यभर पाहिले असेल त्यानेही ही शंका आधी स्वतःच्या कानाची घ्यावी.

एका परिचिताच्या कृपेने दोन्ही यंत्रे आठवडाभर घरी राहिली. पुण्याहून मुलगा आला होता. त्याने दोहोंचा आवाज जुळवून दिला आणि मग खरी तुलना सुरू झाली. खाँसाहेबांच्या 'मारवा' आणि 'दरबारी'ची प्रसिद्ध तबकडी लावली. '८४६' मध्ये गळा अगदी जवळ, मंद्रातील प्रत्येक श्रुती हातात घेऊन पाहावी अशी. मात्र तंबोरा जणू पडद्याआड. '९००' मध्ये गळा किंचित मागे गेला, पण खर्ज खोल झाला आणि जवारीचा तो रुपेरी झंकार, जो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, सबंध खोलीत पसरावा तसा पसरला. कुमारजींच्या एका जुन्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणातही तेच. मी निर्णय दिला, "हे खरे यंत्र. दुसरे मळकट आहे."

मुलाने '९००' कानात घातला आणि मिनिटभरात काढला.

"बाबा, टेपची एवढी खरखर चालली आहे, त्रास नाही होत तुम्हाला?"

"कसली खरखर?"

त्याने पुन्हा ऐकले, मीही ऐकले. मला खरोखरच काही ऐकू येत नव्हते. त्याने कळ थोडी वाढविली, तेव्हा दूर कोठेतरी पाऊस पडतो आहे असे काहीसे भासले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. तो पुढे काही बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राच्या खोलीत बसलो. दोन हजार हर्ट्झपर्यंत माझी रेघ सरळ. तीन हजाराला ती कलली, चार हजाराला चाळीस डेसिबल आणि आठ हजाराला साठ. वयपरत्वे येणाऱ्या श्रवणदोषाचे असे चित्र मी इतरांचे शेकड्यांनी पाहिले असेल. प्रथम मनात आले ते स्टेथॉस्कोपचे. मित्र हसून म्हणाला, "हृदयाचे जवळजवळ सगळे काही हजार हर्ट्झच्या खाली असते. तुझी मर्मर सुरक्षित आहे. माणसे काय बोलतात त्याचे सांग."

ते सांगणे अवघड होते. माळव्यातील खेड्यांतून येणाऱ्या बाया पदराआडून पुटपुटतात, अशी माझी काही वर्षांपासूनची तक्रार होती. २०२० नंतर ती मी मुखपट्ट्यांवर ढकलली. पुढे मुखपट्ट्या गेल्या, तक्रार राहिली. एकदा रुग्ण 'सात दिन' म्हणाली आणि मी 'आठ' लिहिले. सिस्टरने हळूच दुरुस्त केले. त्यानंतर रुग्णाचे प्रत्येक वाक्य ती माझ्यासाठी मोठ्याने पुन्हा म्हणू लागली होती आणि मी ती तिची सवय समजत होतो. 'स', 'श', 'फ' ही व्यंजने वरच्या कंप्रतांवर जगतात. बाया पुटपुटत नव्हत्या.

आता इअरफोनचे कोडे सुटले. '९००' मध्ये वरचा पट्टा उचललेला आहे. तरुण कानाला जे टोचते ते माझ्या उतरत्या रेघेवर पडून समतल होते. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१५ मध्ये श्रोत्यांच्या आवडीवर जो अभ्यास मांडला, त्यातही सर्वांत वयस्क गटाने खर्ज कमी आणि वरचे स्वर अधिक मागितले होते. मी ज्याला माझी अभिरुची म्हणत होतो, तिचा निम्मा भाग कॉक्लियाच्या तळाशी झडलेल्या केसपेशींचा होता. गुरूंनी लावलेले वळण, ऐकलेल्या मैफली, हे सारे उरलेल्या निम्म्यात. अर्थात 'मळकट' हा शब्द मी मागे घेतला. '८४६' जसा आहे तसाच होता.

मित्राने दोन्ही कानांना श्रवणयंत्रे सुचविली. येथे माझ्या मनाचा कोतेपणा उघडा पडला. इअरफोनवर लाखभर रुपये उधळावयास जो हात सहज खिशात गेला होता, तो आता आखडला. त्यात लपविण्यासारखे असे काही नसूनही लपवावेसे वाटले. गंमत पाहा, २०२२ मध्ये सेनहायझरचा घरगुती ध्वनिसाधनांचा विभाग ज्या सोनोव्हा कंपनीने घेतला, तीच फोनॅक श्रवणयंत्रे बनविते. शोकेसमधील एक वस्तू मला हवी होती आणि दुसरी नको होती, एवढेच. पत्नीला विचारले तर ती म्हणाली, "दूरदर्शनचा आवाज तीन वर्षांपासून मीच कमी करते आहे."

पहिला पैसा श्रवणयंत्रांवर गेला. सिस्टर आता वाक्ये पुन्हा म्हणत नाही. पहिले चार दिवस मात्र कागदाची सळसळ आणि स्वयंपाकघरातील भांडी यांनी जीव नकोसा झाला होता. तेव्हा कोणा रुग्णाने यंत्र पेटीत टाकून दिले तर आता मी पूर्वीसारखा रागावणार नाही.

चार महिन्यांनी इअरफोन घेतला. गाणे ऐकताना श्रवणयंत्र काढावे लागते, म्हणून निवड पुन्हा माझ्या उघड्या कानांची होती. मी '९००' च घेतला, कारण माहीत असूनही. हौशी समवयस्कांस एकच सांगतो : वरचे स्वर हरवले म्हणून कळ वाढवू नका, सबंध तोल बदला. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास चालतात, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, आणि घट्ट बसलेली टोपी बाहेरचा गलका अडवून कमी आवाजातही गाणे पोहोचविते.

मुलाने आपल्यासाठी '८४६' घेतला. त्यात काळी पुंगळी बसविली आहे. दिवाळीत तो आला तेव्हा त्याने माझा इअरफोन कानाला लावला, कपाळाला आठी घालून परत केला. मी त्याच्या यंत्रात 'मारवा' ऐकला. गळा जवळ आला, तंबोरा पुन्हा पडद्याआड गेला. हल्ली आम्ही एकाच खोलीत, एकच राग, आपापल्या यंत्रात ऐकत बसतो.